परदेशातल्या युद्धस्मारकांवर आपल्या गावची नावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

युरोपच्या नाहीतर सिंगापूरच्या सहलीचे पैसे भरून झाले की सातारा-सांगलीकडच्या बऱ्याच घरांत कुणीतरी विषय काढतंच. "आपले पणजोबा लढाईत गेले, तिकडंच कुठंतरी आहेत म्हणतात. जाताच आहात तर समाधीचं दर्शन घेऊन या." असं घर शोधायला आपल्याकडं लांब जावं लागत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या तर नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत, आणि त्यांची आठवण सांगणारा स्तंभ गावात उभा आहे.

तेव्हा मागणी रास्त आहे. पण समाधी बहुधा नसते, नाव असतं. ते कुठल्या देशात, कुठल्या भिंतीवर, कितव्या फलकावर आहे हे घरून निघतानाच माहीत हवं. तिथं पोचल्यावर शोधू म्हणाल तर हजारो नावांपुढं दहा मिनिटं उभं राहून, दोन फोटो काढून परत याल. म्हणून या लेखात प्रवासापेक्षा घरच्या तयारीचा भाग मोठा आहे.

आधी घरातली पेटी उघडा

सुरुवात पदकांपासून करा. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक उन्हात तिरकं धरून कड हळूहळू फिरवली की अक्षरं दिसू लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या भारतीय सैनिकांच्या पदकांवरही बहुधा नाव-नंबर सापडतो. एक विनंती: दसऱ्याला देवघरातली भांडी घासताना पदकाला पितांबरी लावू नका. आधीच झिजलेला नंबर त्यात कायमचा जातो, आणि पुढचा सगळा शोध त्या नंबरावरच चालतो.

काही घरांत साधारण १२ सेंटीमीटर व्यासाची, जाड, गोल, ब्राँझची चकती असते. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली एक बाई आणि सिंह, आणि बाजूला चौकटीत नाव. कुणी ती देवी समजून पुजतात, कुणाकडं ती वजन म्हणून वापरात असते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारनं दिलेली ती स्मृतिचकती. तिच्यावर हुद्दा किंवा पलटण नसते, फक्त नाव असतं. पण ती घरात असेल तर माणूस त्या युद्धात गेला हे नक्की, आणि युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत तो सापडायची आशा धरायला हरकत नाही.

मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईशी बोला. पुरुष मंडळी पराक्रम सांगतात; आज्या नेमकं सांगतात. "बसऱ्याला गेलेले", "इजिप्तला होते", "तार आली तेव्हा आत्या पोटात होती" यातलं एखादं वाक्य साल आणि मुलूख दोन्ही ठरवून देतं. पेन्शनचा जुना कागद असेल तर उत्तमच. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, पलटण कळली असेल तर तिथं पत्र टाकता येतं.

पलटणीचे नंबर कसे वाचायचे

इथं बरेच जण अडकतात. १९२२ आधी मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे नंबर होते. १९२२ साली त्या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५. म्हणजे पदकावर ११० दिसलं तर पहिलं महायुद्ध, ३/५ दिसलं तर दुसरं. पहिल्यात या पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कूट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला त्या सैन्याला शरण जावं लागलं. घरात "पणजोबा तुर्कांच्या कैदेत गेले" अशी गोष्ट सांगत असतील तर ती बहुधा इथली.

आणि पणजोबा मराठा पलटणीतच असतील असं धरून चालू नका. खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे सैन्यातले अभियंते होते, खेचरांच्या तुकड्या होत्या, जखमींच्या डोल्या वाहणारे होते, लेबर कोअर होती. घरच्या गोष्टीत सगळेच लढताना गेलेले असतात. कागदावर बरेच तापानं आणि हगवणीनं गेलेले दिसतात. तसं निघालं तर खट्टू होऊ नका, कमिशनच्या यादीत दोघांचं नाव सारख्याच मानानं असतं.

कमिशनची यादी, आणि "सातारा" टाकून बघायची युक्ती

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ साली स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या राष्ट्रकुलातल्या सुमारे १७ लाख माणसांची नोंद तिच्याकडं आहे. तिच्या संकेतस्थळावर मृतांचा शोध फुकट घेता येतो. शोध रोमन लिपीत करावा लागतो आणि खरी गंमत तिथंच सुरू होते.

पहिली अडचण नावाची. आपल्या शिपायांची पूर्ण नावं बऱ्याचदा आडनावाच्या रकान्यात एकत्र घातलेली आहेत. त्यामुळं यादी आणि स्मारकावरचा क्रम पहिल्या नावानं लागतो. "पवार" शोधून काही मिळालं नाही तर "रामा पवार", नुसतं "रामा", "रामू" असं करून बघा. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलंय: जाधवचा जादव, जाधाओ, पवारचा पोवार, शिंदेचा सिंदे. मराठा पलटणीचं स्पेलिंगही आजच्यासारखं नाही, एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं आहे. पलटणीच्या रकान्यात हे घातलं नाही तर निम्मी नावं गळतात.

दुसरी अडचण गावाची, आणि ही सांगलीकरांनी नीट वाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या बऱ्याच नोंदींखाली "अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, अमुक गाव, सातारा" अशी जादा माहिती असते. तपशीलवार शोधात या जादा माहितीतही शब्द टाकून शोधता येतो. तासगाव, वाळवा, खानापूर किंवा शिराळ्याचा माणूस तिथं "सांगली" टाकतो आणि रिकाम्या हातानं परततो. कारण तेव्हा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. १९४४ साली मेलेला वाळव्याचा शिपाई कागदावर साताऱ्याचाच असणार. मिरज, सांगली, जत ही तेव्हा संस्थानं होती; आटपाडी औंध संस्थानात; फलटण आपलं स्वतंत्र. आटपाडीच्या घरानं "औंध" टाकूनही बघावं, फलटणकरांनी "फलटण". गावाचं स्पेलिंगही तीन-चार तऱ्हांनी करून बघा.

नोंद सापडली की तिचं पान छापून घ्या. मोबाइलमध्ये ठेवलंत तरी कागद हवाच. परदेशात नेमक्या वेळी बॅटरी आणि रेंज दोन्ही रुसतात.

नोंदीत काय लिहिलंय

नोंदीच्या शेवटी एक खूण असते. ती दोन प्रकारची. "फलक ११" अशी असेल तर नाव भिंतीवर किंवा शिळेवर आहे, कबर नाही. रोमन आकडा, मग अक्षर, मग साधा आकडा अशी तीन तुकड्यांची असेल तर ती कबर: पहिला तुकडा म्हणजे विभाग, दुसरा रांग, तिसरा त्या रांगेतला कितवा दगड. सातबाऱ्यावरचा गट नंबर वाचता येणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही.

हिंदू आणि शीख शिपायांच्या बाबतीत तिसरीच गोष्ट बऱ्याचदा निघते: दहनस्मारक. ज्यांना अग्नी दिला त्यांची कबर नाही, पण त्यांची नावं वेगळ्या स्मारकावर एकत्र कोरलेली आहेत. घरच्यांना ही माहिती दिली की पुष्कळदा हायसं वाटतं. "परक्या मातीत पुरलं" ही रुखरुख कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या असते, आणि नोंद उघडल्यावर कळतं की अग्नी मिळाला होता.

इटली: मराठ्यांसाठी सगळ्यांत मोठं पान

इटलीत पाच हजारांहून जास्त भारतीय सैनिक कामी आले. इटलीतच मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ३/५ चे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकट्यानं चालून गेले आणि तिथंच पडले. १/५ चे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर लढले आणि जिवंत परतले. घाडगे रायगडकडचे, जाधव नगरचे. आपल्या जिल्ह्याचे नाहीत म्हणून सोडून देऊ नका, त्याच पलटणींत आपली माणसं होती.

घाडग्यांची कबर नाही. त्यांचं नाव कॅसिनो स्मारकावर आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यानं कॅसिनोच धरावं असं माझं मत आहे. रोमच्या टर्मिनी स्टेशनवरून कॅसिनोला साधी लोकल गाडी जाते, दोन तासांच्या आत पोचते. छापील तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ते ठप्पा मारून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड. टूर कंपनीबरोबर असाल तर रोमचा मोकळा दिवस यासाठी ठेवा. बस तुमच्यासाठी वाट वाकडी करणार नाही. स्टेशनापासून वॉर सिमेट्री चालत जाण्याजोगी आहे. चार हजारांवर कबरी, आणि मधोमध पाण्याच्या हौदाभोवती हिरव्या संगमरवराच्या उंच उभ्या शिळा. कबर न सापडलेल्या चार हजारांवर माणसांची नावं या शिळांवर आहेत. मान वर केली की डोंगरावर मठ दिसतो, ज्याच्यापायी १९४४ साली चार महिने लढाई चालली तोच.

कॅसिनोत वेळ असेल तर त्या मठाशेजारची पोलिश सिमेट्री पाहा. तिचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. १८ मे १९४४ ला मठ घेणाऱ्या पोलिश सैन्याची बायकापोरं रशियातून निर्वासित होऊन जगभर पांगली होती. त्यातले सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहत होते. मिरज-कोल्हापूर पॅसेंजरनं जाताना वळिवडे स्टेशन लागतं, तेच हे. इकडं वळिवड्यात पोरं शाळेत जात होती आणि तिकडं बाप हा डोंगर चढत होते. जवळच काइरा इथं जर्मनांची सिमेट्री आहे, वीस हजारांवर माणसं. तिथंही जावं. "शत्रूकडं काय बघायचं" म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो. त्याला बसमध्ये बसू द्या.

१/५ मराठा ज्या डिव्हिजनमध्ये होती ती आठवी भारतीय डिव्हिजन नोव्हेंबर १९४३ मध्ये पूर्व किनाऱ्यावर सांग्रो नदीच्या लढाईत होती. तिथल्या सांग्रो रिव्हर वॉर सिमेट्रीत पाचशेवर भारतीयांचं दहनस्मारक आहे. फोर्लीलाही भारतीय सैन्याची वेगळी सिमेट्री आणि दहनस्मारक आहे. या दोन्ही ठिकाणी गाडी भाड्यानं घेतलेली बरी. निघण्याआधी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आणि एमएच ११ किंवा एमएच १० वर हात बसलेल्यांनी हे लक्षात ठेवा की तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात. पहिल्या चौकात चुकायला होतंच, शेजारी बसणाऱ्यानं जागं राहावं.

वरच्या टायबर खोऱ्यात मोंतोने नावाचं डोंगरावरचं गाव आहे. तिथं जुलै २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. पेरुजियाकडं जात असाल तर नक्की वाट काढा.

फ्रान्स, बेल्जियम, इंग्लंड

फ्रान्समध्ये नव्ह शापेलचं भारतीय स्मारक आहे. वर्तुळाकार आवार, १५ मीटर उंच स्तंभ, वर कमळ, पायथ्याला दोन वाघ आणि कबर न सापडलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं. १९२७ साली ते खुलं झालं. मराठा पलटणी इथं शोधू नका. बॉम्बे सॅपर्स शोधा. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावात सरळ पायदळासारख्या लढल्या आणि होत्याच्या नव्हत्या झाल्या. पॅरिसहून लिलला वेगवान गाडी तासाभरात जाते, पुढं टॅक्सी.

बेल्जियमच्या ईपर गावात मेनिन गेटवर ५४ हजारांवर नावं आहेत, त्यात काहीशे भारतीय. रोज रात्री आठला तिथं रहदारी थांबवून बिगुल वाजवतात. १९२८ पासूनचा हा शिरस्ता, मधल्या जर्मन ताब्याची वर्षं सोडून. साडेसातला जाऊन उभे राहा. टाळ्या वाजवायच्या नसतात. गर्दीत कुणीतरी वाजवतोच, तो आपल्या गटातला नसावा एवढं बघा.

इंग्लंडला मुलं-नातवंडं असलेल्यांसाठी ब्रायटनची छत्री सोयीची. ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या ५३ हिंदू-शीख सैनिकांना पॅचमच्या माळावर जिथं अग्नी दिला, तिथं १९२१ साली संगमरवरी छत्री उभारली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा. गाडी वरपर्यंत जात नाही. गवतातून चढ चढावा लागतो आणि पाऊस झाला असेल तर चिखल. गुडघे दुखणाऱ्यांना खालूनच नमस्कार करू द्या, ओढून नेऊ नका.

सिंगापूर आणि श्रीलंका

पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांना सिंगापूरची क्रांजी सगळ्यांत सोपी. क्रांजी नावाचंच मेट्रो स्टेशन, तिथून दहा-पंधरा मिनिटं चाल, प्रवेश फुकट. चोवीस हजारांवर नावं, आणि मुख्य स्मारकाच्या लगेच मागं सुमारे आठशे जणांचं दहनस्मारक. ते मागं असल्यामुळं बहुतेकजण पुढच्या भिंती बघून परत फिरतात. सकाळी लवकर जा; दहानंतर तिथली दमट हवा म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही.

श्रीलंकेतलं स्मारक महायुद्धाचं नाही. कोलंबोशेजारी श्री जयवर्धनेपुरा कोट्टे इथं, १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेतल्या, तिथं कामी आलेल्या सुमारे १,२०० जवानांचं ते आहे. या मोहिमेतली माणसं ज्यांच्या घरातून गेली त्यांच्या बायका, भाऊ अजून आहेत. अशा घरातल्या कुणाला घेऊन जाणार असाल तर सहलीचा दुसरा कार्यक्रम त्या दिवशी ठेवू नका.

बसरा: घरूनच

आपल्याकडची सगळ्यांत जास्त नावं जिथं असतील तिथं जाता येत नाही, हा यातला अवघड भाग. बसरा स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते मूळ जागेवरून उचलून सुमारे ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेलं. हौसेनं जाण्याची ती जागा नाही, आणि परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचल्याशिवाय इराकचा विचारही करू नका.

गेलात तरी नाव दिसणार नाही. तिथल्या फलकांवर अधिकाऱ्यांची नावं आहेत. भारतीय शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा आहे. २०२१ साली कमिशननं या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. माफीनं भिंत बदलत नाही, पण शिपायांची नावं यादीत आहेत आणि ती घरबसल्या काढता येतात. बसऱ्याचा पणजोबा असलेल्या घराला माझा सल्ला असा, की नोंदीचं पान छापा, चौकट करा, आणि सहल म्हणून खडकीला जा.

खडकीची रंगीत तालीम

खडकीची वॉर सिमेट्री त्याच कमिशनची. साताऱ्याहून सकाळी निघालात तर जेवायला घरी परत. तेच सारख्या उंचीचे दगड, तीच कापलेली हिरवळ, तोच उंच क्रूस. दारात भिंतीत बसवलेली धातूची छोटी पेटी असते. ती उघडली की आत नावांची वही आणि येणाऱ्यांसाठी अभिप्रायाची वही मिळते. कबरीचा पत्ता वाचून दगड शोधायचा सराव इथं करून घ्या. लहान मुलं बरोबर येणार असतील तर त्यांना इथं आणाच; हिरवळ दिसली की पळायचं नसतं, हे एकदा इथं कळलं की पुढं सोपं जातं.

सामानात काय नाही

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं मागायचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांपेक्षा उशिरा नाही, आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

आता खरा प्रश्न, नैवेद्याचा. "पणजोबांना कंदी पेढे आवडायचे" म्हणून किलोभर पेढे घेऊन निघणारे असतात. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, इंग्लंडचाही नियम कडक आहे. विमानतळावर पेढे कचऱ्यात जाताना बघणं हे न नेण्यापेक्षा वाईट. गावची मातीही नेऊ नका आणि तिकडची आणू नका. बहुतेक देशांत मातीला बंदी आहे आणि आपल्याकडंही परवान्याशिवाय ती आणता येत नाही. फुलं तिथंच घ्या, वरचं प्लास्टिक काढून ठेवा. गावच्या स्तंभाचा किंवा घराचा फोटो, मागं नाव-गाव लिहून, हे सगळ्यांत चांगलं.

तिथं पोचल्यावर

बहुतेक सिमेट्रींना तिकीट नसतं, आणि बऱ्याच ठिकाणी संडास, पाणी, सावली यातलंही काही नसतं. ज्येष्ठांची सोय आधी स्टेशनवर करून घ्या. दशमी-चटणीचा डबा बाहेर उघडायचा.

चप्पल काढायची सक्ती नाही; काढलीत तर कुणी हसणारही नाही. मोठ्या सिमेट्रीत लांबलचक चौथऱ्यासारखा एक दगड असतो. तो बसायचा ओटा नव्हे, तो स्मृतिशिळा आहे. आपल्याकडची मंडळी दमून नेमकी त्याच्यावरच टेकतात.

हळद-कुंकू, गुलाल, तेल दगडाला लावू नका, हे हात जोडून सांगतो. तो पांढरा चुनखडीचा दगड आहे. कुंकू आत मुरतं आणि निघत नाही. नारळही फोडू नका. फूल पायथ्याशी ठेवा, नमस्कार करा, दोन मिनिटं उभे राहा. तर्पण किंवा कुठलाही विधी करायचा असेल तर परत आल्यावर संगम माहुलीला, कराडच्या प्रीतिसंगमावर किंवा सांगलीच्या कृष्णाघाटावर करा, मनासारखा होईल. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही मराठा पलटणीची रणगर्जनाच आहे, तेव्हा ती तिथं परकी नाही. आजूबाजूला दुसरं कुटुंब नसेल तर एकदा म्हणावी. असेल तर मनातल्या मनात.

हिंदू सैनिकाची कबर असेल तर जवळ जाऊन वरचा भाग बघा. इंग्रजी नावाच्या वर देवनागरीत "ॐ भगवते नमः" कोरलेलं असतं. फ्रान्सच्या किंवा इटलीच्या शेतात ही अक्षरं अचानक समोर आली की बरोबरची वयस्कर माणसं हमखास हलतात. तेव्हा लगेच कॅमेरा काढू नका.

फोटो घ्यायचा तर ऊन बाजूनं पडत असताना घ्या, कोरीव अक्षरं सावलीमुळं उठून दिसतात. समोरून ऊन असेल तर दगड नुसता पांढरा येतो. अक्षरांत खडू किंवा रंग भरू नका. आधी पूर्ण फलकाचा फोटो, मग नावाचा जवळून, मग फलकाचा नंबर, म्हणजे घरी गेल्यावर कुठलं कुठं होतं याचा घोळ होत नाही.

एक वाद प्रत्येक गटात निघतोच: "हे इंग्रजांसाठी लढले, यांचं कौतुक कशाला?" मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. १९४३ ते ४६ मध्ये आपल्याच भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. एकाच भावकीतला एकजण कुंडलच्या रानात भूमिगत आणि दुसरा इटलीत खंदकात, अशी घरं आपल्याकडं असू शकतात. माण-खटाव-जतच्या कोरडवाहू रानावर पोट भरत नव्हतं, पलटणीचा पगार मनिऑर्डरनं येत होता, हेही तितकंच खरं. वाद जरूर घाला, पण हॉटेलवर, जेवण झाल्यावर.

परत आल्यावर

अभिप्रायाच्या वहीत मराठीत लिहिलंत तर उत्तम. गावाचं नाव, तालुका, जिल्हा पूर्ण लिहा, म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला धागा मिळतो. फोटोंची एक प्रत ग्रामपंचायतीला किंवा शाळेला द्या. गावात स्तंभ असेल तर त्यावरची नावं आणि कमिशनची यादी पडताळून बघा. दोन्हींत फरक निघाला तर तो लिहून ठेवा.

नोंदीत नाव किंवा गाव चुकलेलं असेल तर कमिशनला पुराव्यासह कळवता येतं. पुरावा म्हणजे पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो, पेन्शनचा कागद, स्मृतिचकती, सेवापुस्तक. नुसतं "आमचे पणजोबा होते" चालत नाही. नाव यादीत मुळीच नसेल तर आधी मृत्यूची तारीख तपासा. पहिल्या महायुद्धासाठी ऑगस्ट १९१४ ते ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ या मुदतीतले मृत्यूच कमिशन धरतं. पलटणीतून सुटून घरी आल्यावर कुणी त्या मुदतीत जुन्या जखमेनं किंवा आजारानं गेलं असेल तरी प्रकरण मांडता येतं, मात्र मृत्यू सेवेमुळं झाला हे दाखवणारा कागद लागतो. तो मिळेपर्यंत अर्ज पाठवू नका.